अकरा नंबरची नळी

"त्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत एक गमतीदार प्रसंग घडला. प्रयोगशाळेतील वृद्ध सहायकांच्या विस्मरणामुळे एका विद्यार्थिनीची प्लेट बिघडली आणि आतड्यातल्या अगदी निरुपद्रवी जंतूला तिने आमांशाचा जंतू ठरवून टाकले! सहायकांनी हात जोडले, मुलगी रडली, आणि शेवटी परीक्षकांनी दयाबुद्धीने तिला उत्तीर्ण केले. असा माणुसकी जपणारा आमचा विभाग."

हा उतारा उल्हासनगरच्या आमच्या महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने नुकत्याच काढलेल्या स्मरणिकेतला आहे. उद्गारचिन्ह मूळचेच. लिहिणारे गृहस्थ आज विभागप्रमुख आहेत. ज्या वर्षाची ही हकीकत, त्या वर्षी ते साधे अधिव्याख्याते होते आणि परीक्षेची सर्व सूत्रे त्यांच्या हाती होती. त्यांना मी येथे 'सर' एवढेच म्हणेन. चार वाक्यांच्या या उताऱ्यात मला आठ असत्ये सापडली. 'वृद्ध' हा शब्द धरला तर नऊ, कारण बारा वर्षांपूर्वी मी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि वीस लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन एकटा तिसऱ्या मजल्यावर चढवत होतो.

एरवी मी उत्तर देण्याच्या फंदात पडलो नसतो. स्मरणिका माणसे आपला फोटो बघण्यासाठी उघडतात आणि जेवणाचे कूपन आत आहे का ते पाहून मिटतात. पण ही स्मरणिका घेऊन ती मुलगी माझ्याकडे आली.

मुलगी म्हणतो ती सवयीने. आज तिशी ओलांडलेली बाई आहे. बदलापुरातल्या एका मोठ्या निदान-प्रयोगशाळेत कल्चरचा, म्हणजे रुग्णांच्या नमुन्यांतले जंतू प्लेटवर वाढवून ओळखण्याचा विभाग सांभाळते. तेव्हा ती अंबरनाथच्या बुवापाड्यातून यायची. वडील कारखान्यात पॅकिंगला होते आणि घरातली ही पहिलीच पदवी होती. मी निवृत्तीनंतर बदलापूरजवळ चामटोलीला दोन खोल्यांचे घर बांधून राहतो. स्टेशनजवळून मिळणाऱ्या सहा आसनी रिक्षेने ती एका रविवारी दुपारी आली आणि पाणीही न पिता तिने ते पान माझ्यापुढे ठेवले.

"काका, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"तू न विचारता मी रागावलेलाच असतो. विचार."

"माझी प्लेट खरंच बिघडलेली होती का?"

मी उतारा वाचून काढला. मग ती म्हणाली, "नाव नाही घातलंय माझं. पण आमच्या बॅचच्या ग्रुपवर सगळ्यांनी ओळखलं. एकाने हसण्याचे चेहरे टाकले. त्याचं मला काही नाही. पण काका, मी रोज चाळीस-पन्नास प्लेटा वाचते. डॉक्टर माझ्या शब्दावर सही करतात. हे वाचल्यापासून प्रत्येक प्लेट मी दोनदा बघते. परवा एका तान्ह्या पोराची कल्चर होती. सरळसरळ दिसत होतं काय आहे ते, तरी मी मॅडमना बोलावून आणलं. त्या म्हणाल्या, अगं, आज काय झालंय तुला?"

"मग?"

"मग काय. बारा वर्षं मला वाटत होतं की मी बरोबर होते आणि मार्क कमी मिळाले. आता वाटतं, मी चुकले होते आणि मार्क जास्त मिळाले. तुम्ही हात जोडले होते का माझ्यासाठी?"

"वाफेने भरलेल्या ऑटोक्लेव्हचं झाकण उघडताना मी हात जोडतो," मी म्हणालो. "माणसापुढे नाही."

ती हसली नाही. तिला विनोद नको होता, उत्तर हवे होते. ते मी तिला तोंडी दिले नाही. तोंडी दिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी 'काकांनी समजूत काढली' होऊन बसते. मी म्हणालो, लिहून देतो; सर्वांना वाचता येईल असे लिहून देतो. ते हे.

प्रथम मी कोण, ते सांगणे भाग आहे, कारण माझ्या विस्मरणावर सगळी कथा रचलेली आहे. चौतीस वर्षे मी प्रयोगशाळा सहायक होतो. आमच्याकडे शिपायांना आणि सहायकांना सरसकट 'मामा' म्हणण्याची रीत आहे. मला ती कधी आवडली नाही आणि मी ती कधी चालवून घेतली नाही. ज्यांनी ऐकले ते 'काका' म्हणू लागले, ज्यांनी ऐकले नाही ते आज विभागप्रमुख आहेत. पदवी माझ्याकडे नाही. पण तृतीय वर्षाचा वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राचा तास ज्या वर्गात चाले, त्याच्या मागच्या दाराशी माझे, जंतू वाढवण्याचे माध्यम शिजवायचे टेबल होते. तोच पाठ्यक्रम चौतीस वेळा ऐकलेला विद्यार्थी त्या इमारतीत दुसरा नव्हता. जंतू आतड्याच्या भिंतीला चिकटतो कसा, विष कोणता सोडतो, कोणता नुसता पाण्यासारखे जुलाब लावून निघून जातो आणि कोणता भिंत फोडून आत शिरतो, हे मी परीक्षेसाठी पाठ केले नाही. भांडी धुताना ते माझ्या ध्यानात बसत गेले. आणि या शास्त्राने मला एकच स्वभाव दिला असेल तर तो संशयाचा. धुतलेली काच स्वच्छ नसते. उकळलेले पाणी निर्जंतुक नसते. जो हात तुम्हाला दिसतो त्यावर काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. चौतीस वर्षे हे शिकलेला माणूस स्मरणिका भक्तिभावाने वाचेल, अशी अपेक्षा कोणी करू नये.

आता परीक्षा. प्रत्येक विद्यार्थ्याला एक नळी मिळते. नळीत एक जंतू वाढवलेला असतो आणि बाहेर फक्त आकडा असतो. दोन दिवसांत तपासून तो जंतू कोणता हे सांगायचे. कोणत्या आकड्यात काय आहे याची यादी परीक्षकांपाशी असते.

या नळ्या दरवर्षी मी भरत असे. त्या वर्षी सरांनी ते काम माझ्याकडून काढून घेतले. कारण? आदल्या वर्षी उत्तरे फुटली, अशी कुजबुज झाली होती. कोणी फोडली याची चौकशी झाली नाही, पण सरांनी गावातल्या कॅम्प दोनच्या बाजारातून एक पितळी कुलूप आणले, फ्रिजला कडी ठोकून घेतली आणि मला म्हणाले, "मामा, तुम्ही टेन्शन घेऊ नका. यंदा मी बघतो सगळं." ज्याच्यावर संशय असतो त्याला 'टेन्शन घेऊ नका' म्हणण्याची ही पद्धत मला ठाऊक होती.

परीक्षेच्या आठ दिवस आधी त्यांनी दार लावून घेऊन एकट्याने नळ्या भरल्या. मी बाहेर बसून होतो. आत काय झाले ते मी पाहिले नाही; पुढचे माझे अनुमान आहे, आणि अनुमानाला मी अनुमानच म्हणतो. माझी पद्धत अशी होती की जंतूचे नाव नळीच्या काचेवर मेणाच्या पेन्सिलीने आधी लिहायचे आणि मगच नळी भरायची. काच आणि जंतू यांची फारकत होत नाही. सरांनी नावे लिहिली ती कापसाच्या बोळ्यावर बांधलेल्या कागदी टोप्यांवर. टोपी बोळ्याबरोबर निघते. दोन नळ्या डाव्या हातात, दोन बोळे उजव्या हाताच्या बोटांत, समोर बर्नर: परत लावताना बोळे उलटसुलट झाले की नाव एकीकडे आणि जंतू दुसरीकडे. मग टोप्या बघून त्यांनी आकडे टाकले, आकड्यांवरून यादी केली, टोप्या फेकल्या. त्या यादीत अकरा नंबरपुढे लिहिले होते 'कोलाय' आणि चार नंबरपुढे 'शिगेला'.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कोलाय हा तुमच्या-माझ्या आतड्यात राहणारा जंतू. त्याच्या बहुतेक जाती कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात. शिगेला हा रक्ती आमांशाचा. दिसायला दोघे सारखेच, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही लाल काड्या. पण लॅक्टोज ही दुधातली साखर घातलेल्या प्लेटवर कोलाय वाढला की ती साखर खातो आणि त्याचे ठिपके गुलाबी होतात. शिगेलाला ती खाता येत नाही, त्याचे ठिपके रंगहीन राहतात. शिवाय कोलाय पाण्याच्या थेंबात पोहतो, शिगेला जागचा हलत नाही. एवढ्या दोन खुणा बघायला शिकवण्यासाठी तीन वर्षे जातात.

अकरा नंबरची नळी तिला मिळाली. पहिल्या दिवशी थेंब बघून तिने वहीत लिहिले: हालचाल नाही. दुसऱ्या दिवशी तिची प्लेट उघडली तेव्हा मी शेजारीच पिपेटा गोळा करत होतो. ठिपके स्वच्छ, रंगहीन, दवाच्या थेंबासारखे. तिने उत्तर लिहिले: शिगेला.

सर यादी घेऊन फिरत फिरत तिच्या टेबलाशी आले.

"हे काय लिहिलंय?"

"शिगेला, सर."

"कशावरून?"

"कॉलनी रंगहीन आहेत सर. आणि मोटिलिटी नाही."

"मोटिलिटी तुला दिसली नसेल. आणि ही प्लेट..." त्यांनी प्लेट उजेडात धरली. यादीकडे पाहिले. परत प्लेटकडे. मग माझ्याकडे. "मामा! प्लेटा कोणी ओतल्या?"

"मी."

"लॅक्टोज घातलं होतं का?"

सगळी प्रयोगशाळा वळून बघू लागली. मी म्हणालो, "सर, पावडर तयार येते. डब्यावर लिहिलंय काय काय आहे ते. त्यातून लॅक्टोज वेगळं काढायची युक्ती तुम्हाला येत असेल तर मला शिकवा."

मागच्या टेबलावरून एक पोरगा हळूच म्हणाला, "काका फुल फॉर्ममध्ये." दोघे-तिघे खुसखुसले. सरांना ते लागले.

"मग एखाद्या प्लेटमध्ये गडबड झाली असेल. वय झालंय, होतं असं."

"एकाच चंबूतून सगळ्या प्लेटा ओतल्यात. तिच्या डाव्या हाताची प्लेट बघा, गुलाबी. उजव्या हाताची बघा, गुलाबी. मधल्या एका प्लेटवरून साखर चालत गेली का?"

विस्मरणाची कथा तिथेच संपायला हवी होती. पण यादी छापील असली की माणसे डोळ्यांवर अविश्वास दाखवतात. बाहेरच्या परीक्षक म्हणून मुंबईच्या एका कॉलेजातल्या बाई आल्या होत्या. त्यांनी तिला दोन प्रश्न विचारले, तिने दोन्हींची उत्तरे दिली. शिगेला आजार कसा करतो, असे विचारल्यावर ती म्हणाली, "मॅडम, तो आतड्याच्या पेशीत शिरतो, आणि बाहेर न येता एका पेशीतून शेजारच्या पेशीत जातो. म्हणून अगदी थोडे जंतू पुरतात." आवाज कापत होता, पण रडली म्हणतात ते साफ खोटे. डोळ्यांत पाणी होते ते बर्नरच्या गॅसचे नव्हते, हे मान्य करतो. त्याला रडणे म्हणत नाहीत.

बाई सरांना म्हणाल्या, "बोलतेय तर नीट. यादीत चूक नाही ना?"

"मॅडम, स्वतः भरल्यात मी. कुलूप लावून. थांबा, दाखवतोच."

आणि त्यांनी अकरा नंबरची नळी मागवली. स्वतः उघडली, काचपट्टीवर थेंब घेतला, रंगवला, सूक्ष्मदर्शक बाईंकडे सरकवला. लाल काड्या. ते दोघांचेही तसेच दिसतात हे बाईंनाही माहीत होते. त्या 'हं' म्हणाल्या आणि थांबल्या. हे सगळे करताना सरांनी हातमोजे घातले नव्हते. का घालतील? त्यांच्या यादीप्रमाणे नळीत कोलाय होता. नळीचा बोळा त्यांनी करंगळीत धरला होता, आणि तो ओला होता, कारण इतक्या वेळा उघडझाप झालेल्या नळीचा बोळा ओला असतोच.

तेवढ्यात शेजारच्या तयारीच्या खोलीत नाश्ता लागला. आमच्या उल्हासनगरात परीक्षकांना दाल-पकवान खाऊ घालण्याची प्रथा आहे. गेटापाशी एक सिंधी काका सायकलवर घेऊन उभे असत, त्यांच्याकडून येई. ज्या खोलीत माध्यमे शिजतात तिथे खाऊ नये, असा फलक त्याच खोलीत माझ्या अक्षरात लावलेला होता. बाईंना चतुर्थीचा उपास होता. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. सर आत गेले. नळ होता, साबण होता. मी दारातून पाहत होतो. त्यांनी हात रुमालाला पुसले आणि पकवानाचा तुकडा मोडला. बाईंची प्लेट उरली होती, तीही त्यांनीच संपवली.

मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते, असे कोणी म्हणेल. एका तासात दोनदा 'वय झालंय' ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

परत आल्यावर बाईंनी ठरलेल्या गुणवाटपाप्रमाणे गुण दिले. उत्तर यादीशी जुळत नव्हते म्हणून उत्तराचे शून्य. पद्धत, निरीक्षणे आणि तोंडी परीक्षा यांचे पूर्ण. बेरीज उत्तीर्णतेच्या जरा वर गेली. यात दया कुठे आली? ते तिने मिळवलेले गुण होते. उलट जे मिळाले नाहीत त्यांपायी तिचा प्रथम वर्ग गेला, आणि प्रथम वर्ग नाही म्हणून पदव्युत्तर प्रवेश गेला. हात मी जोडले नाहीत. मी बाईंना एवढेच म्हणालो, "मॅडम, नळी आणि प्लेट दोन दिवस ठेवू द्या. मी परत लावून दाखवतो." बाई हो म्हणणार होत्या. सर म्हणाले, "नियमाप्रमाणे सगळं आजच्या आज नष्ट व्हायला हवं. मामा, ऑटोक्लेव्ह लावा." नियम तसा आहे खरा. पण त्याआधीच्या तीन वर्षांच्या प्लेटा विभागात आठवडा आठवडा पडून असत आणि वास सुटल्यावर मीच त्या हलवीत असे. त्या दिवशी मात्र सर स्वतः उभे राहून बघत होते.

बास्केट भरताना मी चार नंबरची प्लेट पाहिली. तिच्यावरचे ठिपके गुलाबी होते. ज्या मुलाला ती नळी मिळाली होती त्याच्या उत्तरपत्रिकेचा गठ्ठाही मीच बांधला. गुलाबी ठिपक्यांपुढे त्या मुलाने लिहिले होते: शिगेला. यादीशी जुळले, पूर्ण गुण मिळाले. तो सरांच्या बदलापूरच्या शिकवणीला जात असे. मी आरोप करत नाही. मी प्लेटचा रंग सांगतो आणि त्यापुढचे उत्तर सांगतो. ज्याला लॅक्टोज म्हणजे काय ते आता कळले आहे, त्याने पुढचा विचार स्वतः करावा.

एकशे एकवीस अंशांच्या वाफेत पुरावा शिजून गेला. बुधवार होता. म्हणूनच बारा वर्षांनी कोणीही काहीही छापू शकतो.

पण एक नमुना ऑटोक्लेव्हमध्ये गेला नव्हता.

शनिवारी सकाळी मी एकटाच विभागात होतो. सर आले. चेहरा उतरलेला, भिंतीला धरून चालत होते. हातात काळी पिशवी, तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्लास्टिकची डबी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागांत ही एक जुनी सवय असते: घरात कोणी आजारी पडले की नमुना बाहेर द्यायचा नाही, आपल्याच इथे लावून बघायचा. प्राध्यापकांच्या सासवांपासून शिपायांच्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या पोटातले मी पाहिलेले आहे.

"मामा, जरा लावून बघता का? घरचंच आहे."

"घरचं म्हणजे कोणाचं?"

"माझंच हो. कालपासून उठबस चालू आहे नुसती."

"रक्त पडतंय?"

"पडतंय."

"आव? कळा? ताप?"

"सगळं. मामा, व्हायवा घेताय का माझी?"

"काय नावाने लावू?"

"नाव घालू नका. आणि हे बघा, कोणाला बोलू नका. प्लीज."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

दिलेला शब्द मी बारा वर्षे पाळला. ती बिचारी या काळात आपण बरोबर होतो असे समजून आपल्या कामात होती, तोवर तो शब्द पाळणे मला परवडत होते. आता ज्यांना शब्द दिला त्यांनीच तिच्या डोळ्यांवर छापील संशय घेतला आहे. माझ्या शब्दाचा हिशेब तिथे मिटला, असे मी समजतो. कोणाला हा विश्वासघात वाटला तर तो आरोप मी घेतो. पण तो घेताना सरांच्या पोटातल्या जंतूचे नाव मागे घेणार नाही.

रविवारी सुट्टी असून मी विभागात गेलो. प्लेटवर रंगहीन ठिपके. थेंबात हालचाल नाही. फक्त शिगेलालाच धरणाऱ्या रक्तद्रव्याचा (अँटिसीरमचा) एक थेंब टाकला तर जंतूंच्या दह्यासारख्या गुठळ्या झाल्या. ही ओळखीची शेवटची खूण. सोमवारी मी सरांना फोनवर सांगितले, "शिगेला आहे."

मग सर म्हणाले, "त्या दाल-पकवानवाल्याने मारलं बघा."

तेच त्यांनी बरे झाल्यावर स्टाफरूममध्ये सांगितले, आणि महिनाभर त्या सिंधी काकांच्या सायकलीपाशी कॉलेजचे कोणी फिरकले नाही. एक दिवस त्यांनी मला गेटावर थांबवून विचारले, "भाऊ, मैंने क्या बिगाड़ा सबका?" मी शब्दाने बांधलेला होतो. "कुछ नहीं, साईं," एवढेच म्हणालो आणि दोन प्लेट खाऊन आलो.

येथे सरांच्या बाजूने जे म्हणता येईल ते मीच म्हणतो, म्हणजे नंतर कोणाला म्हणावे लागणार नाही. आमांश या भागात नवा नाही. पाण्यातून होतो, बाजारच्या खाण्यातून होतो. तेव्हा सरांच्या पोटात निघालेला शिगेला अकरा नंबरच्या नळीतलाच कशावरून? आठ दिवस आधी नळ्या भरताना लागला म्हणावे, तर हा जंतू एवढा धीर धरत नाही. एक ते तीन दिवसांत तो उभा राहतो. आणि परीक्षेच्या दोन दिवसांत त्यांनी स्वतः उघडलेली नळी एकच, अकरा नंबरची. बुधवारी उघडली, शुक्रवारी पोट धरले. पण शंका घेणारा म्हणेल, बुधवारी ते घरीही जेवले, टपरीवर चहाही प्याले. बरोबर आहे. ही शंका मलाही आली होती, आणि मी तिला तेव्हाच, त्या सोमवारीच, टेबलावर घेतले.

जंतूवर कोणते औषध चालते हे बघण्याची एक साधी रीत आहे. प्लेटभर जंतू पसरायचा आणि त्यावर औषधात बुडवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध चालले तर चकतीभोवती जंतू उगवत नाही, स्वच्छ गोल पडतो. चालले नाही तर जंतू चकतीच्या कडेपर्यंत गवतासारखा भिडतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या दवाखान्यांतून सरावासाठी आमच्याकडे नमुने येत. त्यांतल्या आमांशाच्या जंतूंच्या प्लेटा मी वर्षानुवर्षे लावल्या. इथली माणसे पोट बिघडले की मेडिकलमधून चार गोळ्या घेतात आणि दोन खाऊन सोडतात. त्यामुळे इथल्या जंतूंनी सगळी जुनी औषधे कोळून प्यायलेली आहेत. सहा चकत्या ठेवल्या तर निदान तीन चकत्यांच्या कडेला जंतू भिडलेला मिळायचाच. याला अपवाद माझ्या चौतीस वर्षांत एकाही रोग्याच्या नमुन्यात मी पाहिला नाही.

विभागाच्या फ्रिजमधला, परीक्षेच्या नळ्यांत भरला जाणारा शिगेला निराळा होता. तो मी नोकरीला लागण्याच्याही आधी बाहेरच्या संग्रहातून विकत आणलेला, दर दोन महिन्यांनी नव्या नळीत घालून जगवलेला. माणसाच्या पोटात तो कित्येक वर्षे गेलेला नव्हता आणि त्याने गोळी म्हणून पाहिली नव्हती. सर्वांत जुन्या औषधालासुद्धा तो नव्यासारखा मरे. त्याची प्लेट मी दरवर्षी मुलांना दाखवत असे: सहा चकत्या, सहा गोल.

त्या सोमवारी मी सरांच्या पोटातला जंतू एका प्लेटवर पसरला, सहा चकत्या ठेवल्या आणि प्लेट सदतीस अंशांत ठेवून घरी गेलो. मंगळवारी सकाळी ती बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. सहाच्या सहा चकत्यांभोवती स्वच्छ गोल पडले होते.